डायकाम्बा प्रकरण: औषध एकानं मारलं, सोयाबीन आखडलं दुसऱ्याचं

तणनाशक उडून शेजारच्या पिकाला लागणं ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे उसात नाहीतर ज्वारीत टू-फोर-डी मारलं आणि बांधापलीकडच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी लांबट झाली, असले किस्से कपाशीच्या पट्ट्यात कुठेही ऐकायला मिळतात. पण डायकाम्बा नावाच्या एकाच तणनाशकानं एकाच हंगामात ३६ लाख एकर सोयाबीनला फटका द्यावा, असं २०१७ साली अमेरिकेत झालं आणि त्यावरची भांडणं अजून पूर्ण मिटलेली नाहीत. हे प्रकरण नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण आपल्याकडे अशा वेळी चर्चा "शेजाऱ्यानं वारा बघितला नाही" इथेच थांबते, आणि या केसमध्ये वारा बघूनही उपयोग झाला नाही हीच तर सगळी गंमत आहे.

आधी हे औषध उभ्या पिकावर मारायची वेळ का आली ते बघू. १९९६ ला अमेरिकेत राउंडअप रेडी सोयाबीन आलं, म्हणजे वरून ग्लायफोसेट मारा, तण मरेल आणि पीक तसंच राहील. शेतकरी खूश, खुरपणी नाही कोळपणी नाही, आणि मग वर्षानुवर्षं त्याच शेतात तेच औषध. व्हायचं तेच झालं. २००५ मध्ये जॉर्जिया राज्यात पामर अमरंथ नावाचं तण ग्लायफोसेटला दाद देत नाही हे पक्कं झालं. हे आपल्या माठ-राजगिऱ्याच्याच कुळातलं तण, पण डोक्याच्या वर वाढणारं, आणि एका मादी झाडाला लाखांनी बी. अर्कान्सास, मिसुरी, टेनेसी या पट्ट्यात काही ठिकाणी लोक परत मजूर लावून हातानं तण उपटायला लागले, आणि तिथे मजुरी काय असते ते सांगायला नको.

यावर मोन्सँटो या बियाणं-औषध कंपनीनं तोडगा काढला डायकाम्बाचा. औषध जुनंच, साठच्या दशकापासून मक्यात, गव्हात, कुरणात वापरात असलेलं. नवीन होतं ते बियाणं: एक्सटेंड नावाचं कपाशी आणि सोयाबीन, ज्यावर डायकाम्बा मारलं तरी पिकाला काही होत नाही. कपाशीचं बियाणं २०१५ ला बाजारात आलं, सोयाबीनचं २०१६ ला. आणि इथेच पहिली मोठी चूक झाली, माझ्या मते सगळ्यात मोठी. बियाणं विकायला सुरुवात झाली पण त्या उभ्या पिकावर मारायचं, कमी उडणारं म्हणून सांगितलेलं नवीन औषध अजून मंजूरच झालेलं नव्हतं. मोन्सँटोच्या एक्सटेंडिमॅक्सला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची मंजुरी मिळाली नोव्हेंबर २०१६ मध्ये, बीएएसएफ या दुसऱ्या कंपनीच्या एन्जेनियाला त्यानंतर महिनाभरानं. म्हणजे २०१६ चा अख्खा हंगाम शेतकऱ्याच्या हातात बियाणं आहे, शेतात तण माजलंय, दुकानात जुनं डायकाम्बा स्वस्तात मिळतंय, आणि कायदा म्हणतो ते या पिकावर मारू नका. आता असं असल्यावर लोक मारणार नाहीत असं ज्यांना वाटलं त्यांनी शेती फक्त कागदावरच बघितली असणार.

लोकांनी मारलं. मिसुरीच्या आग्नेय टोकाला बूटहील म्हणून सपाट भाग आहे, मिसिसिपी नदीच्या गाळाची जमीन, कपाशी सोयाबीन भात टरबूज पीच सगळं शेजारी शेजारी. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या भागातून शंभराच्या वर तक्रारी गेल्या. शेजारच्या अर्कान्सासमध्ये दंड होता जास्तीत जास्त १,००० डॉलर, आणि हजारो एकर करणाऱ्या माणसाला ही रक्कम म्हणजे फवारणीच्याच खर्चात धरून टाकण्यासारखी. पुढे २०१७ च्या ऑगस्टपासून तो २५,००० पर्यंत वाढवला. त्याआधी २०१६ च्याच ऑक्टोबरमध्ये दोन राज्यांच्या हद्दीजवळ या औषधाच्याच वादातून एका शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला. बांधावरची भांडणं आपल्यालाच माहीत आहेत असं नाही.

आता थोडं पिकाबद्दल, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डायकाम्बा आणि टू-फोर-डी ही दोन्ही ऑक्झिनसारखी काम करणारी औषधं, म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात आणि वाढ वेडीवाकडी करून रुंद पानाचं तण मारतात. सोयाबीन डायकाम्बाला विलक्षण नाजूक आहे. कपाशीचं उलटं, तिला टू-फोर-डी सगळ्यात जास्त झोंबतं आणि डायकाम्बा त्या मानानं कमी. शिफारशीचा डोस एकरी साधारण २२५ ग्रॅम क्रियाशील घटक, आणि याचा वीस हजारावा भाग जरी सोयाबीनवर पडला तरी पानावर लक्षण दिसू शकतं. हिशेब करा, एकरी ११ मिलीग्रॅमच्या आसपास. फवारणी करणाऱ्यानं कितीही जपून काम केलं तरी एवढंसं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही ही अपेक्षाच जरा अवघड आहे.

लक्षण लगेच दिसत नाही हा आणखी एक घोळ. साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतं, आणि जुन्या पानावर नाही तर शेंड्याच्या नवीन पानांवर. तीन पानांचा जो नवा पुंजका निघतो त्याच्या कडा वर वळतात, पानाची वाटी होते, पृष्ठभाग फोड आल्यासारखा सुरकुततो आणि पानाच्या टोकाला फिकट पिवळट पांढरा ठिपका राहतो. मार जास्त असेल तर शेंडाच जळतो आणि खालून फुटवे निघतात. म्हणजे शेतकऱ्याला दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे गेलेले असतात, तेवढ्यात आजूबाजूच्या पाच-सात जणांनी वेगवेगळ्या दिवशी फवारलेलं असतं, आणि मग कुणाचं औषध लागलं हे सिद्ध कसं करणार? पान तपासायला पाठवलं तरी तोपर्यंत झाडानं ते बरंचसं पचवलेलं असतं.

२०१७ ला नवीन औषधं कायदेशीर झाली आणि २ कोटींहून जास्त एकरांवर एक्सटेंड बियाणं पेरलं गेलं. कंपन्यांचं म्हणणं होतं की २०१६ चा त्रास जुन्या औषधाच्या बेकायदा वापरामुळे झाला, आता कमी उडणारं औषध आलंय, आता प्रश्न मिटला. प्रश्न मिटला नाही, कितीतरी पट वाढला. मिसुरी विद्यापीठाचे तणशास्त्रज्ञ केविन ब्रॅडली राज्याराज्यातून आकडे गोळा करत होते, १५ ऑक्टोबरपर्यंत २,७०८ अधिकृत तक्रारी आणि अंदाजे ३६ लाख एकर सोयाबीन बाधित. यात टोमॅटो, टरबूज, द्राक्ष, परसातली झाडं धरलेलीच नाहीत. एकट्या अर्कान्सासमधून हजाराच्या आसपास तक्रारी आल्या, आणि तिथे तर मोन्सँटोच्या औषधाला त्या वर्षी परवानगीच नव्हती, कारण त्याची वाफ किती उडते याची चाचणी विद्यापीठाच्या लोकांना आधी करू दिली नाही म्हणून राज्यानं ते अडवलं होतं. फक्त एन्जेनियाला मुभा होती. शेवटी ११ जुलैपासून राज्यानं १२० दिवस विक्री आणि वापर दोन्ही बंद केलं. कायझर गावात अर्कान्सास विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथले संशोधनाचे सोयाबीन प्लॉटही वाचले नाहीत.

आता मुद्दा असा की औषध गेलं कसं. उडून जायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची शेतातली खूणही वेगवेगळी. पहिली वाट म्हणजे फवारताना बारीक थेंब वाऱ्यानं वाहणं. यात बांधाच्या कडेला मार जास्त आणि आत जाऊ तसा कमी होत जातो, चालत गेलं की स्पष्ट दिसतं. दुसरी वाट टाकीतली, म्हणजे आधी तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्यातच कीटकनाशक भरून स्वतःच्या पिकावर मारणं. इथे मार पहिल्या टाकीच्या तासांना सगळ्यात जास्त असतो आणि पुढे पुढे कमी, नक्षी बांधाप्रमाणे नाही तर माणूस जसा चालला तशी. (आपल्याकडे शेजाऱ्यावर खापर फोडायच्या आधी हे एकदा बघाच, पाठीवरचा पंप एकच असतो आणि त्यातूनच सगळं मारलं जातं. नुसतं पाण्यानं एकदा खळखळून टू-फोर-डी जात नाही, नळीत आणि वॉशरमध्ये राहतंच.)

तिसरी वाट जास्त वाईट. औषध पानावर, मातीवर पडल्यानंतर तासाभरानं, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीसुद्धा वाफ होऊन उठतं आणि ज्या दिशेला हवा असेल तिकडे जातं. ऊन जास्त तेवढी वाफ जास्त. टाकीतल्या पाण्याचा सामू (पीएच) पाचच्या खाली गेला की वाफ अजून वाढते, आणि ग्लायफोसेट सोबत मिसळलं की सामू खाली जातो, आणि शेतकरी तर दोन्ही एकत्र मारणारच कारण एका फेरीत काम होतं. त्यात भर म्हणून तापमानाचा उलटा थर. दिवस मावळायला जमीन गार होते, वरची हवा अजून गरम असते, वारा पडतो, आणि जमिनीलगतची गार हवा वर न जाता तशीच आडवी सरकत राहते. संध्याकाळी शेकोटीचा धूर वर न जाता शेतावर पसरून राहिलेला बघितलाय ना, तेच. गंमत बघा, वारा पडलाय म्हणून माणूस संध्याकाळी फवारायला निघतो, त्याला वाटतं हीच सगळ्यात सेफ वेळ, आणि नेमकी तीच सगळ्यात वाईट वेळ असते.

२०१७ ला तणशास्त्रज्ञ शेतं फिरत होते तेव्हा त्यांना बऱ्याच ठिकाणी ८०-१०० एकराचं शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं आखडलेलं दिसलं. कडेला जास्त आत कमी असं काही नाही. ही थेंब उडाल्याची खूण नव्हे, ही वाफेची किंवा उलट्या थराची खूण. कंपन्या म्हणत राहिल्या की शेतकऱ्यांनी नोझल चुकीचे वापरले, टाक्या धुतल्या नाहीत, जुनं औषध मारलं. काहींनी तसं केलंही असेल, नाही असं नाही. पण त्यानं पंचवीस राज्यांतल्या तक्रारींचा उलगडा होत नाही. आणि एकसारख्या माराचा दुसरा त्रास असा की नुकसान मोजायला चांगलं राहिलेलं पीकच उरत नाही. शेताचा एक पट्टा तरी वाचला असता तर त्याचा उतारा आणि याचा उतारा ठेवला असता शेजारी शेजारी, पण सगळंच आखडलं तर तुलना कशाशी?

इथे एक गोष्ट कंपनीच्या बाजूनं पण सांगितली पाहिजे. पान वाटीसारखं झालं म्हणजे उतारा घटलाच असं नाही. फुलोऱ्याच्या आधी हलका मार बसला आणि पुढे पाऊस चांगला झाला तर सोयाबीन बऱ्यापैकी सावरतं. फुलं लागायला लागल्यावर तोच मार बसला तर उतारा जास्त तुटतो, आणि दोन-तीनदा बसला तर विचारूच नका. म्हणून बघायला भयंकर दिसणारं शेत कधी ठीकठाक पिकतं आणि साधं दिसणारं दगा देतं. भरपाई मागणाऱ्याची यात पंचाईत होते, कारण जुलैत त्याच्याकडे फक्त फोटो असतात आणि काढणीला आकडा येतो तेव्हा समोरचा म्हणतो पाऊस कमी झाला असेल. तिथल्या पीक विम्यात रसायन उडून आलेलं नुकसान बसत नाही. आपल्या पीक विम्यातही माणसाच्या हातानं झालेलं, टाळता आलं असतं असं नुकसान वगळलेलं आहे.

मग लोकांनी काय केलं, तर घाबरून तेच बियाणं पेरलं. शेजारी डायकाम्बा मारणार म्हणजे मारणार, मग आपण निदान जगेल असं सोयाबीन पेरावं, तणासाठी गरज असो नसो. नुकसानीच्या भीतीनंच बियाण्याचा खप वाढत होता, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात घाणेरडं वाटतं. पुढे कोर्टात कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली त्यात हजारोंनी तक्रारी येतील असा अंदाज नवीन औषध विकायच्या आधीच बांधलेला होता.

सरकारनं या सगळ्यावर दरवर्षी एकच उपाय केला, लेबल लांबवायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरलेले नियम बघा: वारा ताशी ५ ते १६ किलोमीटरच्या मध्येच हवा, त्याहून कमी असेल तर उलटा थर असू शकतो म्हणून नाही, जास्त असेल तर थेंब उडतील म्हणून नाही. बूम, म्हणजे नोझल लावलेला आडवा दांडा, पिकापासून दोन फुटांच्या वर नको. ठरावीकच नोझल. सूर्योदयानंतर एक तासानं सुरू करायचं आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी थांबायचं. शेजारी नाजूक पीक असेल आणि वारा तिकडे असेल तर मारायचंच नाही. पाऊस येणार असेल तर नाही. प्रत्येक नियम सुटा बघितला तर शहाणपणाचाच आहे, पण सगळे एकत्र लावले की जून महिन्यात फवारायला मोजके तास उरतात, आणि त्या तासांत दोन-तीन हजार एकर उरकायचे. आणि वाफ उठते ती फवारणी संपल्यावर, तिला लेबल कोण वाचून दाखवणार?

३ जून २०२० ला अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील कोर्टानं एक्सटेंडिमॅक्स, एन्जेनिया आणि तसंच तिसरं फेक्सापॅन, या तिन्ही औषधांची मंजुरी रद्द केली. निकालात म्हटलं होतं की ईपीएनं नुकसान कमी धरलं, लेबलचे नियम पाळणं जवळपास अशक्य आहे याकडे दुर्लक्ष केलं, आणि गावागावातले संबंध यानं तुटतील ही गोष्ट विचारातच घेतली नाही. शेवटचा मुद्दा कोर्टानं लिहिला याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिसुरीतल्या बेडर फार्म्स या पीचच्या बागेच्या केसमध्ये ज्युरीनं कंपन्यांना दीड कोटी डॉलर भरपाई आणि वर २५ कोटी डॉलर दंड ठोठावला होता. न्यायाधीशांनी तो दंड नंतर ६ कोटींवर आणला आणि २०२२ ला अपिलात दंडाचा भाग परत सुनावणीला गेला. दरम्यान मोन्सँटो विकत घेतलेल्या बायरनं जून २०२० मध्ये डायकाम्बाच्या दाव्यांसाठी ४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड जाहीर केली.

एवढं होऊनही ऑक्टोबर २०२० ला ईपीएनं पाच वर्षांसाठी परत मंजुरी दिली. त्यातल्या अटी अशा: सोयाबीनला ३० जूननंतर मारायचं नाही, टाकीत वाफ कमी करणारा घटक घालायचाच, आणि वारा ज्या दिशेला त्या बाजूला २४० फूट पट्टा मोकळा सोडायचा. २०२१ च्या हंगामात तरीही साधारण ३,५०० घटना नोंदल्या गेल्या आणि दहा लाखांहून जास्त एकर सोयाबीनचं नुकसान झाल्याचं ईपीएच्याच अहवालात आलं. त्याच वर्षी ईपीएच्या अंतर्गत तपासणीत हेही निघालं की २०१८ ची मंजुरी देताना वरच्या अधिकाऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या कागदात बदल केले होते.

हा २४० फुटांचा आकडा जरा आपल्याकडे आणून बघा. चौकोनी एक एकराची बाजू येते साधारण २०८ फूट. म्हणजे तो पट्टा सोडायचा तर एकराच्या तुकड्यात फवारायला जागाच उरत नाही, शेजाऱ्याच्या तुकड्यातही थोडं घुसावं लागेल. विदर्भात, मराठवाड्यात दोन-तीन एकरांत तुरीच्या ओळी, सोयाबीन, पलीकडे कपाशी, बांधावर भाजीपाला, असं असतं. अमेरिकेतला माणूस निदान हजार एकरांत अंतर सोडू शकत होता आणि त्याचंही जमलं नाही. म्हणून तणनाशक सहन करणाऱ्या वाणांची आपल्याकडे बाजू घेणारे लोक जेव्हा फक्त मजुरीचा हिशेब मांडतात (आणि तो हिशेब खराच आहे, निंदणीला माणसं मिळत नाहीत हे मी नाकारत नाही) तेव्हा माझा प्रश्न असतो की शेजारच्या साध्या वाणाचं काय. टू-फोर-डी बद्दल तर आजच करता येईल असं काम आहे: कपाशीचा शिवार असेल तर ईथाइल एस्टर घेऊच नका, त्याची वाफ अमाइन सॉल्टपेक्षा बरीच जास्त उडते, आणि दुकानदाराकडे दोन्ही असतात पण मागितल्याशिवाय फरक कुणी सांगत नाही.

६ फेब्रुवारी २०२४ ला अ‍ॅरिझोनाच्या कोर्टानं दुसरी मंजुरीही रद्द केली. जुना साठा मात्र त्या हंगामात वापरू दिला, म्हणजे रद्द होऊनही फवारणी झालीच. २०२५ च्या जुलैमध्ये ईपीएनं तिसऱ्यांदा मंजुरीचा प्रस्ताव पुढे आणला, आणि त्यात नवीन काय, तर तापमान ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या वर गेलं की मारायचं नाही.